कंटेनरमधील दफ्तर आणि त्याची खिडकी

लोकव्यवहाराचा डोलारा मनुष्याच्या स्मरणावर उभा असतो त्याहून अधिक तो लिहून ठेवलेल्या नोंदींवर उभा असतो, आणि ही गोष्ट राजधानीच्या नगराला जितकी लागू आहे तितकीच ती अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या वाटेवरील मैंदर्गीसारख्या लहान नगरालाही लागू आहे. अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, दुधनी व मैंदर्गी अशा तीन नगरपरिषदा आहेत. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमान्वये घरपट्टीची आकारणी ठेवणे, आणि १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमान्वये गावात कोण जन्मले व कोण निवर्तले याची दखल घेणे, ही कामे अशा संस्थांच्या नित्याच्या कारभारात मोडतात. सीमाभागातील या पट्ट्यात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा घरोघर नांदत असल्याने एकाच नोंदवहीत दोन भाषांची नावे शेजारीशेजारी बसलेली असतात. कागदावरच्या या नोंदी आता सर्वत्र संगणकाच्या स्वाधीन होत आहेत. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती येऊ लागला, तेव्हापासून तर संगणकातील नोंद ही मूळ दस्तऐवजाच्या योग्यतेची वस्तू आहे हे सामान्य शेतकऱ्यासही उमगले आहे. अशा नोंदी ज्या यंत्रणेत राहतात ती यंत्रणा बाहेरच्याशी बोलते कशी, आणि तिने कोणाशी बोलावे व कोणाशी बोलू नये हे ठरते कसे, या प्रश्नाचा विचार म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

त्या विचाराचा एक लहानसा परंतु अत्यंत बोधप्रद भाग या लेखात घ्यावयाचा आहे. समजा, सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारी मैंदर्गीची विद्यार्थिनी सुट्टीत घरी आली असता, अभ्यास म्हणून घरपट्टीच्या नोंदींचा एक नमुना आपल्या संगणकावर उभा करू पाहते. काल्पनिक घरक्रमांक, काल्पनिक नावे व काल्पनिक रकमा यांचा एक डेटाबेस ती डॉकर या साधनाच्या साहाय्याने एका कंटेनरमध्ये चालू करते. डेटाबेस निर्वेधपणे सुरू झाल्याचे पडद्यावर दिसते. आणि तरीही त्याच संगणकावर चालणारे तिचे दुसरे साधन त्या डेटाबेसपर्यंत पोचू शकत नाही. दोघे एकाच यंत्रात आहेत, एकाच प्रोसेसरवर चालत आहेत, एकाच स्मृतीचा उपयोग करीत आहेत, आणि तरी एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! हे का घडते हे नीट कळले म्हणजे आधुनिक संगणकव्यवस्थेचे अर्धे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. डेटाबेस ही एखादी फाइल आहे आणि आपण ती उघडून वाचतो, अशी पुष्कळांची समजूत असते; परंतु मोठ्या कामासाठी वापरले जाणारे पोस्टग्रेएस्क्यूएल, मायएस्क्यूएल यांसारखे डेटाबेस तसे नसतात. पुण्यातील पेशवे दफ्तराचे उदाहरण मराठी वाचकास परिचित आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ज्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, त्या दफ्तरासारख्या ठिकाणी कोणी वाटेल त्याने आत शिरून रुमाल सोडावेत अशी वहिवाट नसते. बाहेरच्या माणसाने खिडकीशी अर्ज द्यावयाचा, आतल्या दफ्तरदाराने तो पारखावयाचा, आणि नियमात बसत असेल तर हवी ती नक्कल बाहेर आणून द्यावयाची, अशी रीत असते. डेटाबेसचा सर्व्हर हा असाच दफ्तरदार होय. प्रत्यक्ष नोंदींना तोच हात लावतो. इतर सारी साधने, मग ती नोंदी पाहण्याची असोत, भरण्याची असोत वा त्यांची प्रत काढण्याची असोत, ‘क्लायंट’ या नात्याने त्याच्यापुढे अर्ज करतात. नोंदींची मांडणी परस्परसंबद्ध कोष्टकांत करावी हा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला, त्या विचारावर आधारलेल्या प्रयोगांतून मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कली येथे ‘पोस्टग्रेस’चा आरंभ केला, त्याचेच पुढले रूप १९९६ पासून पोस्टग्रेएस्क्यूएल या नावाने ओळखले जाते. मायएस्क्यूएल हा दुसरा लोकप्रिय डेटाबेस १९९५ चा. या सर्वांत दफ्तरदार व अर्जदार यांची ही फारकत मूलभूत आहे, आणि ती फारकत असल्यामुळेच ‘जोडणी’ हा प्रश्न मुळात उद्भवतो.

आता कंटेनरकडे वळू. एकाच संगणकावर अनेक कार्यक्रम परस्परांच्या वाटेला न जाता चालावेत ही इच्छा जुनी आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या कार्यक्रमास फाइलींचा एक मर्यादित मुलूख नेमून देऊन त्याच्या बाहेरचे त्यास दिसू नये अशी सोय झाली. २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘जेल’ नावाने तिचा विस्तार झाला. आणि लिनक्सच्या गाभ्यात टप्प्याटप्प्याने ‘नेमस्पेस’ नामक विभाजने आली. यांपैकी जाळ्याचे विभाजन, म्हणजे नेटवर्क नेमस्पेस, हे २००८ च्या सुमारास आकारास आले. कोणत्या कार्यक्रमाने किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती वापरावी याचे नियमन करणारी ‘सीग्रुप्स’ ही व्यवस्था, जिचे काम गूगलमध्ये २००६ मध्ये सुरू झाले होते, तीही जानेवारी २००८ च्या लिनक्स आवृत्तीत समाविष्ट झाली. ही सारी सामग्री सिद्ध होती, पण ती हाताळणे कष्टाचे होते. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर लोकांपुढे ठेवले, तेव्हा ही क्लिष्ट सामग्री एका आज्ञेच्या आवाक्यात आली, आणि तेथून कंटेनरचा प्रसार झपाट्याने झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कंटेनर हा संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक नव्हे. त्यातील कार्यक्रम यजमान संगणकाच्याच, म्हणजे ज्याला या व्यवसायातील मंडळी होस्ट म्हणतात त्याच्याच, गाभ्यावर चालतो. भेद इतकाच, की त्यास दिसणारे जग वेगळे आखून दिलेले असते: त्याच्या फाइली वेगळ्या, त्याला दिसणारी प्रक्रियांची यादी वेगळी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे जाळे वेगळे. प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला स्वतःचे पत्ते, स्वतःचे मार्ग व स्वतःची पोर्टांची मालिका असते. संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी राखून ठेवलेला १२७.०.०.१ हा पत्तादेखील प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र असतो. यजमान संगणकावरून १२७.०.०.१ म्हटले तर तो यजमान. कंटेनरच्या आतून तेच अक्षर न अक्षर म्हटले तर तो कंटेनर. आपल्या विद्यार्थिनीच्या अडचणीचे मूळ नेमके येथे आहे: तिचे साधन यजमानाच्या बाजूला उभे राहून स्वतःलाच हाक मारीत आहे, आणि डेटाबेस भिंतीपलीकडे आपल्या जागी सज्ज बसून आहे.

पत्त्याने यंत्र ठरते. परंतु त्या यंत्रात कोणत्या कार्यक्रमाशी बोलावयाचे ते पोर्टाच्या क्रमांकाने ठरते. हे क्रमांक ० ते ६५५३५ एवढे असून त्यांतील १०२४ च्या खालचे क्रमांक परंपरेने विशेषाधिकाराचे मानले जातात. पोस्टग्रेएस्क्यूएलचा रूढ क्रमांक ५४३२, मायएस्क्यूएलचा ३३०६, मोंगोडीबीचा २७०१७. दफ्तराच्या दृष्टान्ताने बोलायचे तर इमारत म्हणजे पत्ता आणि खिडकीचा क्रमांक म्हणजे पोर्ट. खिडकीवर क्रमांक रंगविलेला आहे एवढ्याने काम होत नाही, तिच्यामागे कोणी बसलेला असावा लागतो; त्याचप्रमाणे ५४३२ हा क्रमांक तेव्हाच अर्थपूर्ण होतो, जेव्हा एखादा कार्यक्रम त्या पोर्टावर कान देऊन बसलेला असतो.

डॉकरच्या रूढ व्यवस्थेत प्रत्येक कंटेनरला एका आभासी तारेच्या जोडीने यजमानातील एका आभासी पुलाशी जोडलेले असते. लिनक्सवर या पुलाचा स्वतःचा पत्ता सामान्यतः १७२.१७.०.१ असा असतो, आणि पहिल्या कंटेनरच्या वाट्यास बहुधा १७२.१७.०.२ येतो. हे पत्ते १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या तीन पत्तासमूहांपैकी एकातले असल्याने महाजालात त्यांना अस्तित्व नाही. लिनक्सवर यजमानातून थेट या पत्त्यावर पोचता येते, आणि म्हणून काही जण तोच पत्ता लिहून ठेवतात. पण कंटेनर नव्याने उभा केला की हा पत्ता बदलू शकतो. विंडोज व मॅक यांवर तर ही वाटही नाही, कारण तेथे डॉकर एका लिनक्सच्या आभासी यंत्रात चालत असते आणि पूल त्या यंत्राच्या आत असतो. म्हणून कंटेनरचा अंतर्गत पत्ता शोधून त्यावर भिस्त ठेवणे हा मार्ग निर्धोक नाही.

निर्धोक मार्ग म्हणजे पोर्ट प्रसिद्ध करणे. कंटेनर सुरू करण्याच्या आज्ञेतच ‘पब्लिश’ हा पर्याय देऊन, यजमानाच्या अमुक पोर्टावर आलेली मागणी कंटेनरच्या तमुक पोर्टाकडे रवाना करावी, अशी तजवीज करता येते. ही तजवीज ‘५४३३:५४३२’ अशा जोडीने लिहितात. डावीकडचा क्रमांक यजमानाचा, उजवीकडचा कंटेनरचा. आज्ञा मिळताच डॉकर यजमानाच्या गाभ्यात पत्ता बदलण्याचे नियम घालते, म्हणजे यजमानाच्या ५४३३ वर आलेल्या संदेशाचा गंतव्य पत्ता वाटेतच बदलून कंटेनरचा केला जातो, आणि उत्तर परत येताना उलट फेरफार होतो. पत्ते वाटेत बदलण्याची ही युक्ती महाजालातील पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे १९९४ मध्ये लेखरूपाने मांडली गेली. पत्त्यांच्या टंचाईवरचा तो तोडगा आज भिंतीपलीकडच्या डेटाबेसपर्यंत पोचण्याची नित्याची वाट झाला आहे.

डावा क्रमांक उजव्याहून वेगळा का घ्यावा असा प्रश्न येथे कोणी विचारील. पुष्कळदा यजमानावर पूर्वीच एक पोस्टग्रेएस्क्यूएल बसविलेले असते आणि ५४३२ त्याने अडविलेला असतो. अशा वेळी डॉकरने ‘पत्ता वापरात आहे’ म्हणून नकार दिला तर ते भाग्यच समजावे. परंतु कधीकधी, विशेषतः विंडोजवर, दोघेही सुरू होतात, जोडणी होते ती मात्र जुन्याच डेटाबेसशी, आणि मनुष्य अचूक परवलीचा शब्द देत असूनही तो चूक ठरविला जातो. वेगळा क्रमांक घेतला की ही गफलत राहत नाही. यासोबतच हेही ध्यानात ठेवावे, की दोन कंटेनर आपण स्वतः तयार केलेल्या एकाच डॉकर-जाळ्यात असतील तर त्यांनी परस्परांशी बोलताना प्रसिद्ध केलेला क्रमांक वापरावयाचा नसतो. तेथे सेवेचे नाव हाच पत्ता आणि आतला ५४३२ हाच क्रमांक. यजमानावरील साधनाला ५४३३, शेजारच्या कंटेनरला ५४३२, ही एकाच डेटाबेसची दोन उत्तरे आहेत, आणि विचारणारा भिंतीच्या कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर त्यांतील खरे कोणते ते ठरते.

आता अपयशाची मीमांसा करू, कारण या विद्येत अपयशाचे संदेश वाचता येणे हेच अर्धे कौशल्य आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ असा, की संदेश यंत्रापर्यंत पोचला, परंतु त्या पोर्टावर ऐकणारा कोणी नव्हता आणि यंत्राने तसे तत्काळ कळविले. अर्थात पोर्ट प्रसिद्ध करावयाचा राहिला असेल, क्रमांक चुकला असेल, किंवा कंटेनर बंद पडला असेल. काही काळ वाट पाहून ‘टाइमआउट’ आला, तर संदेश वाटेतच कोणी गिळला. तेथे फायरवॉल अथवा चुकीचा पत्ता यांकडे संशय वळवावा. जोडणी होते पण क्षणात तुटते, असे घडल्यास बहुधा पोर्ट प्रसिद्ध आहे पण आतील डेटाबेस अद्याप सज्ज झालेला नाही, किंवा तो फक्त आपल्या अंतर्गत १२७.०.०.१ वरच कान देऊन बसला आहे. पोस्टग्रेएस्क्यूएल मुळात तसेच बसते; डॉकरसाठी सिद्ध केलेल्या त्याच्या अधिकृत प्रतिमेत (‘इमेज’, म्हणजे ज्या तयार साच्यातून कंटेनर उभा होतो त्यात) मात्र सर्व पत्त्यांवर ऐकण्याची आज्ञा आधीच दिलेली असते. आणि ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ हे उत्तर आले तर नवशिका हिरमुसतो, वस्तुतः त्याने समाधान मानावे. कारण पत्ता, पोर्ट, भिंत व वाट या सर्वांतून पार होऊन तो एका दफ्तरदारापर्यंत पोचला आहे, आणि आता प्रश्न उरला तो दफ्तरदार आपलाच आहे ना आणि आपली ओळख त्याला पटते का, एवढाच.

मायएस्क्यूएल वापरणाऱ्यास आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. लिनक्सवर त्याच्या क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ असे नाव दिले, की तो जाळ्याच्या वाटेने जातच नाही. यजमानाच्या फाइलव्यवस्थेतील एका विशिष्ट सॉकेट-फाइलीतून बोलू पाहतो. ती फाइल कंटेनरच्या आत असल्याने यजमानास दिसत नाही, आणि पोर्ट अचूक प्रसिद्ध केलेला असूनही जोडणी होत नाही. नावाऐवजी १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला की क्लायंट जाळ्याच्या वाटेने निघतो आणि काम सरळ होते. कित्येकांनी या एका शब्दापायी आपल्या रात्री खर्ची घातल्या आहेत.

ओळख पटविण्याच्या बाबतीतही दोन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पोस्टग्रेएस्क्यूएलच्या अधिकृत प्रतिमेत परवलीचा शब्द एका पर्यावरण-चलाद्वारे (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) द्यावा लागतो. परंतु त्याचा अंमल नोंदींचा साठा रिकामा असताना, म्हणजे पहिल्याच खेपेस, होतो. नोंदी कायम राहाव्यात म्हणून त्या कंटेनरबाहेरील ‘व्हॉल्यूम’मध्ये ठेवलेल्या असल्या, की पुढे त्या चलातला शब्द कितीही वेळा बदलला तरी डेटाबेसला त्याची दाद नसते, बदल डेटाबेसला आज्ञा देऊनच करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी, की ‘एग्झेक’ या आज्ञेने कंटेनरच्या आत शिरून डेटाबेसशी बोलले, तर ही प्रतिमा आतल्या माणसावर विश्वास टाकते आणि परवलीचा शब्द विचारीतच नाही. म्हणून ‘आतून चालते, बाहेरून चालत नाही’ ही तक्रार ऐकू आली तर गोंधळून जाऊ नये. आतील यशाने डेटाबेस जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. शब्द बरोबर आहे हे त्याने मुळीच सिद्ध होत नाही.

मग सदैव आतच शिरून काम का करू नये? कारण दफ्तराचा उपयोगच बाहेरच्यांसाठी असतो. विद्यार्थिनीने लिहिलेला कार्यक्रम यजमानावर चालतो. नोंदी दृश्य रूपात पाहण्याची साधने यजमानावर असतात. सर्व नोंदींची राखीव प्रत काढून ती दुसऱ्या जागी ठेवणारे साधनही बहुधा यजमानावरच असते. या शेवटच्या कामात आणखी एक पथ्य आहे: पोस्टग्रेएस्क्यूएलची प्रत काढणारे साधन आपल्याहून नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरची प्रत काढण्यास साफ नकार देते. कंटेनरमधला डेटाबेस नवा आणि यजमानावरचे साधन जुने, अशी जोडी सहज जमते, तेव्हा दोहोंची आवृत्ती आधी ताडून पाहावी.

मैंदर्गीच्या दृष्टीने याहूनही निकटचा विषय लिपीचा आहे. जोडणी झाली, ओळख पटली, आणि तरी पडद्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली, तर अडचण पत्त्याची नसून लिपीच्या संकेताची असते. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना युनिकोडने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच स्वतंत्र स्थान दिले. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतात या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावते, आणि एकाच कोष्टकात एकाखाली एक मराठी व कन्नड नावे निर्वेध ठेवता येतात. परंतु डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये असणे पुरेसे नाही. जोडणीच्या दुसऱ्या टोकास असलेल्या क्लायंटनेही तोच संकेत जाहीर केला पाहिजे. यजमान विंडोजवर असून क्लायंटने पाश्चात्त्य अक्षरांचा जुना संकेत धरला असेल, तर पोस्टग्रेएस्क्यूएल ‘या अक्षरास समतुल्य नाही’ म्हणून स्पष्ट अडवते. मायएस्क्यूएल मात्र अशा प्रसंगी निमूटपणे प्रश्नचिन्ह पाठविते. वाचताना असे झाले तर हानी डोळ्यांपुरती असते. पण तीच प्रश्नचिन्हे पुन्हा लिहून ठेवली गेली तर मूळ नाव कायमचे पुसले जाते. एखाद्या आजीचे नाव जन्मनोंदीतून असे पुसले गेले, तर तिच्या नातवंडांना दाखल्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतील याची कल्पना केली, म्हणजे जोडणीच्या वेळी क्लायंटचा संकेत तपासणे हे केवळ तांत्रिक शिष्टाचाराचे काम नाही हे पटते.

येथवर वाट कशी उघडावी याचा विचार झाला. आता ती किती उघडावी याचा विचार केला पाहिजे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार येथेच आहे. पोर्टाची जोडी नुसती ‘५४३३:५४३२’ अशी लिहिली, तर डॉकर यजमानाच्या सर्व पत्त्यांवर तो पोर्ट खुला करते. म्हणजे यजमानाचा एक पत्ता महाजालात उघडा असेल, तर घरातल्या साधनासाठी उघडलेली खिडकी साऱ्या जगासाठी उघडी होते. उबुंटूवर पुष्कळ जण ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल लावून निश्चिंत होतात. परंतु डॉकरचे पत्ता बदलण्याचे नियम संदेशाला त्या फायरवॉलच्या चौकीवर जाऊ न देता आधीच कंटेनरकडे वळवितात, आणि चौकीवरील पहाऱ्याचा उपयोग होत नाही. ही कल्पनेतली भीती नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये परवलीच्या शब्दाविना महाजालात उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस चोरांनी शोधून काढले, त्यांतील नोंदी पुसल्या, आणि त्या परत हव्या असल्यास खंडणी द्या अशा चिठ्ठ्या मागे ठेवल्या. ज्यांनी राखीव प्रत ठेवली नव्हती त्यांच्या हाती खंडणी देऊनही नोंदी येतीलच याची शाश्वती नव्हती.

यावरचा उपाय अवघ्या एका पत्त्याचा आहे. जोडी ‘१२७.०.०.१:५४३३:५४३२’ अशी लिहिली, की खिडकी केवळ यजमानाच्या आतूनच दिसते; बाहेरच्या जगास ती नाहीच. विद्यार्थिनीच्या अभ्यासास, किंवा एका संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही कामास, याहून अधिक उघडेपणाची गरज नसते. डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर असला आणि मैंदर्गीतून तेथे पोचावयाचे असले, तरीही पोर्ट जगास खुला करण्याचे कारण नाही: १९९५ मध्ये फिनलंडच्या तातु इलोनेन यांनी निर्माण केलेल्या एसएसएच या साधनाने आपल्या संगणकावरील एक पोर्ट आणि दूरच्या यंत्रातील १२७.०.०.१ वरचा पोर्ट यांच्या दरम्यान सांकेतिक लिपीतला बंदिस्त बोगदा काढता येतो, आणि डेटाबेसला जणू त्याच यंत्रातून कोणी बोलत आहे असे वाटते. वाट आहे, परंतु तिच्या तोंडाशी ओळख द्यावी लागते, आणि त्या वाटेवरून काय जात आहे ते तिऱ्हाइतास वाचता येत नाही.

खिडकीशी उभा राहणारा प्रत्येक मनुष्य सारख्याच अधिकाराचा नसतो, हेही दफ्तराचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. नक्कल मागण्याचा अधिकार वेगळा, नवी नोंद घालण्याचा वेगळा, आणि जुन्या नोंदीत फेरफार करण्याचा त्याहून वेगळा. डेटाबेसमध्ये ही विभागणी भूमिकांच्या द्वारे करता येते: केवळ वाचणाऱ्या साधनाला वाचण्याचीच सनद द्यावी, नोंदी भरणाऱ्याला नेमक्या त्या कोष्टकांपुरती, आणि सर्वाधिकारी नावाने कोणत्याही कार्यक्रमाने नित्याची जोडणी करू नये. सोयीखातर आरंभी दिलेला सर्वाधिकार पुढे कोणी काढून घेत नाही, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव आहे, आणि संगणकाची कचेरी त्याला अपवाद नाही.

या विवेचनातून एक विचार निष्पन्न होतो. भिंत ही अडचण आहे आणि जोडणी म्हणजे ती अडचण कशीतरी दूर करणे, ही समजूत चुकीची आहे. भिंत ही एका निश्चित हेतूने घातलेली असते, आणि तिच्यातून काढलेली वाटही तितक्याच निश्चित हेतूने काढली पाहिजे. ज्याला घाई असते तो सारे पत्ते, सारे पोर्ट व सारे अधिकार एकदम मोकळे करतो आणि ‘चालले’ म्हणून पुढल्या कामास लागतो; ज्याला विषय कळला आहे तो प्रत्येक टप्प्यावर एकेक प्रश्न विचारून त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबतो. कंटेनर चालू आहे काय? आतला डेटाबेस योग्य पत्त्यावर ऐकत आहे काय? कोणता पोर्ट कोणत्या पोर्टाशी जोडला आहे? मी भिंतीच्या कोणत्या बाजूने बोलत आहे? माझी ओळख पटली काय? माझी लिपी त्याला व त्याची मला कळते काय? आणि सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ही वाट मला जशी उघडी आहे, तशी आणखी कोणाला उघडी आहे? पहिले सहा प्रश्न यंत्र स्वतःच विचारावयास लावते, कारण त्यांचे उत्तर चुकले तर जोडणीच होत नाही किंवा अक्षरे तरी बिघडतात. सातवा प्रश्न मात्र यंत्र कधीच विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर चुकले तरी काम सुरळीत चालू राहते, आणि चूक उघडकीस येते ती नोंदी गेल्यानंतर.

म्हणून ज्या महाविद्यालयांत व प्रशिक्षणवर्गांत ही विद्या शिकविली जाते, तेथे पोर्ट प्रसिद्ध करण्याची आज्ञा शिकविताना तिच्यापुढे १२७.०.०.१ लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी लावली पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आज काल्पनिक घरपट्टीवर हात बसविणारी विद्यार्थिनी उद्या एखाद्या नगरपरिषदेच्या, रुग्णालयाच्या वा सहकारी संस्थेच्या खऱ्या नोंदींवर काम करील, आणि अभ्यासात जडलेली सवयच ती तेथे नेईल. त्या नोंदींत ज्यांची नावे असतील त्यांपैकी बहुतेकांना कंटेनर म्हणजे काय हे कधी कळणार नाही, कळण्याचे कारणही नाही. त्यांनी आपली नावे, जमिनी व देणीघेणी विश्वासाने स्वाधीन केलेली असतात, आणि त्या विश्वासाची जबाबदारी जोडणीची ती एक ओळ लिहिणाऱ्यावर पूर्णपणे येऊन पडते.